अंकगणितासाठी मेंदूचे विद्युत् उद्दीपन

डोक्यावर दोन विद्युताग्रे बसवून मेंदूला अतिशय सौम्य प्रवाह द्यायचा आणि त्याच वेळी आकडेमोडीचा सराव करून घ्यायचा, अशी ही प्रायोगिक पद्धत आहे. प्रवाह साधारण १ मिलिअँपिअर असतो आणि त्यातलाही बराचसा कातडीतूनच निघून जातो. सराव चालू असताना चेतापेशी जरा सहज प्रतिसाद देतात, एवढाच त्याचा परिणाम. नुसत्या प्रवाहाने पावकी-निमकी पाठ होत नाही.

मेंदूसंशोधक रॉय कोहेन कदोश यांच्या गटाने २०१० मध्ये १५ विद्यार्थ्यांना संख्यांसाठी बनवलेली नवी चिन्हे सहा दिवस शिकवली. उजव्या पार्श्विका खंडावर (मेंदूचा माथ्याखालचा मागचा भाग) धनाग्र आणि डाव्यावर ऋणाग्र असलेल्यांची प्रगती जास्त झाली व सहा महिने टिकली. जोडणी उलटी असलेले मात्र मागे पडले. पुढच्या एका प्रयोगात गणिताची धास्ती असलेल्यांचा वेग वाढला आणि धास्ती नसलेल्यांचा घटला. सरसकट सर्वांना उपयोगी, असा दावा म्हणूनच टिकत नाही. शिवाय हे प्रयोग मोजक्या लोकांवरचे आहेत.

जागा टेपने मोजतात. नाकाच्या मुळापासून कवटीच्या मागच्या उंचवट्यापर्यंत ३६ सेंमी. भरले, तर माथ्याचा मध्य १८ सेंमी.वर येतो, तिथून आणखी ७.२ सेंमी. मागे गेल्यावर पार्श्विका खंडाची मध्यरेषा मिळते आणि विद्युताग्रे तिच्या दोन्ही बाजूंना बसतात. २५ चौ. सेंमी.च्या स्पंजला साधारण ८ मिलि. सलाइन पुरते. जास्त झाले तर केसांतून ओघळून दोन्ही स्पंज जोडले जातात आणि प्रवाह वरच्यावर निघून जातो. प्रवाह ३० सेकंदांत हळूहळू चढवतात, २० मिनिटे ठेवतात व तसाच उतरवतात.

पुण्यात पहिली अडचण तेलाची. चोपडलेल्या डोक्यावर रोध २० किलोओहमवर गेला, तर १ मिलिअँपिअरसाठी २० व्होल्ट लागतात आणि यंत्र बंद पडते. आदल्या रात्रीच डोके धुवायला सांगावे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत स्पंज वीस मिनिटांतही कडेने वाळतो. उरलेल्या ओल्या भागात प्रवाह एकवटतो आणि कातडी भाजते. मुंग्या व खाज नेहमीचीच, पण एकाच ठिकाणी चटका बसू लागला तर प्रवाह लगेच उतरवावा.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळापाशी विजेच्या उपकरणांचे सुटे भाग सहज मिळतात, म्हणून ९ व्होल्टची बॅटरी थेट जोडण्याचा मोह होतो. प्रवाह-नियंत्रक नसेल आणि ओल्या स्पंजाने रोध ३ किलोओहमवर आला, तर प्रवाह ३ मिलिअँपिअर होतो, म्हणजे ठरल्याच्या तिप्पट. वायर अचानक सुटली तर डोळ्यांपुढे लख्खकन चमकते. अपस्मार, डोक्यात धातूचा तुकडा, पेसमेकर किंवा कातडीवर जखम असलेल्यांना प्रयोगात घेत नाहीत.