रस्ट कन्व्हर्टर की रेड ऑक्साइड? अंगणातल्या गंजलेल्या बाकाला नेमकं काय लावायचं

पावसाळा सरला की अंगणातले लोखंडी बाक, गच्चीवरच्या खुर्च्या आणि झोपाळ्याच्या चौकटी रंगवायला निघतात. हार्डवेअरच्या दुकानात ‘गंजावर लावायचं काहीतरी द्या’ म्हटलं, की दोनांपैकी एक वस्तू हातात पडते: रस्ट कन्व्हर्टरची बाटली नाही तर रेड ऑक्साइड प्रायमरचा डबा. दोन्ही ब्रशनेच लावायच्या, दोन्ही रंगाच्या आधी लावायच्या, म्हणून एकीच्या जागी दुसरी सहज वापरली जाते. खरं तर कन्व्हर्टरला काम करायला गंज लागतो आणि प्रायमरला गंज काढलेलं लोखंड.

कन्व्हर्टरमध्ये टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असतं, काहींत दोन्ही. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, ती आवळ्यातल्या टॅनिनची लोहाशी झालेली क्रिया. बाकावरही तेच घडतं. तांबूस गंजाचं निळसर काळं लोह-टॅनेट होतं, आणि ते गंजासारखं भुकटी होऊन सुटत नाही. फॉस्फोरिक आम्लाने त्याऐवजी लोह-फॉस्फेटचा थर बनतो. मात्र ही क्रिया वरच्या पातळ थरापुरतीच होते. गंजाचे जाड पापुद्रे तसेच ठेवून कन्व्हर्टर फासला, तर वर काळी साय येते आणि खाली तांबडी भुकटी तशीच राहते. वाळल्यावर चाकूच्या टोकाने खरवडून पाहा. काळ्या थराखाली तांबडं निघालं, तर तेवढा भाग पुन्हा घासायला हवा. त्यावर रंग दिला तर तो पहिल्याच पावसाळ्यात पोपड्यांसकट सुटेल.

प्रायमरची गोष्ट वेगळी. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, पण ती पूड निष्क्रिय असते. गंजावर ती काही करत नाही. गंज रोखण्याचं काम झिंक क्रोमेट किंवा झिंक फॉस्फेटसारखे घटक करतात, म्हणून डबा घेताना नुसतं ‘रेड ऑक्साइड’ वाचून थांबू नये. आय.एस. २०७४ हे भारतीय मानक रेड ऑक्साइड-झिंक क्रोम प्रायमरचं आहे. क्रोमेट गंज चांगला रोखतं, पण त्याची धूळ कर्करोगकारक असते. असा जुना थर काढायचा तर वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासा, सुका घासू नका. घरच्या कामाला आम्ही झिंक फॉस्फेटचा प्रायमर निवडू.

प्रायमर गंजावर लावला की तो गंजाला घट्ट धरतो, पण गंजानेच लोखंड सोडलेलं असतं. शिवाय गंज सच्छिद्र असतो. त्यात ओल राहते, आणि अलिबाग-रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर मीठही. हे मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून तिथे घासण्याआधी आणि घासल्यावर गोड्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसणं फार महत्त्वाचं. वगळली जाते ती नेमकी हीच पायरी.

कुठे काय लावायचं हे घासल्यावरच ठरतं. आधी पटाशीने पोपडे काढा, मग तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा एमरी पेपर. सपाट पट्ट्या आणि सरळ पाइप बहुतेक ठिकाणी चकचकीत होतात. तिथे थेट प्रायमर. वेल्डिंगचे सांधे, नक्षीची वळणं, गंजाने पडलेले खड्डे यांत पेपर पोचत नाही आणि तांबूस डाग राहतात, तिथेच कन्व्हर्टर. चकचकीत लोखंडावर त्याला क्रिया करायला काही मिळत नाही, आणि फॉस्फोरिक आम्ल जास्त झालं तर पांढरी भुकटी उरते. ती ओल्या फडक्याने पुसून, वाळू देऊन मगच पुढे जा.

तिघांच्या बाकाला १०० ते २०० मिली कन्व्हर्टर पुरतो. लागेल तेवढाच वाटीत ओता आणि उरलेला बाटलीत परत घालू नका. ब्रशबरोबर आलेल्या गंजाने सगळी बाटली काळी होऊन वाया जाते. हातमोजे आणि चष्मा घाला, खाली प्लास्टिक पसरा, कारण आम्लाने संगमरवर आणि शहाबादी फरशी खराब होते. पातळ दोन हात द्या आणि २४ तास थांबा. धुवायचं की नाही हे बाटलीवर पाहा, सगळे प्रकार सारखे नसतात. मग अर्ध्या लिटर प्रायमरमध्ये दोन हात होतात. जाड वाटला तर ५ ते १० टक्के टर्पेंटाईन घाला, एन.सी. (लॅकरचं) थिनर घालू नका. रात्रभर वाळल्यावर २२० नंबरचा पेपर हलका फिरवा आणि इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र ठेवून.

उन्हात तापलेल्या लोखंडावर रंगाला फोड येतात, आणि हिवाळ्यात पहाटेचं दव वाळेपर्यंत ब्रश उचलू नये. नुसत्या तांबड्या प्रायमरवर पावसाळा काढलेली फाटकं गावोगाव दिसतात. त्या थरातून पाणी आत झिरपतं. कन्व्हर्टरचा काळा थरही उघडा ठेवायचा नसतो. काही दिवसांतच दोन्हींवर इनॅमल चढायला हवं.

पाइप आतून गंजत असेल तर दोन्ही वस्तू निरुपयोगी. पायांच्या रबरी बुचांत पाणी साचतं. बूच काढून पाइपच्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर जोराने दाबून पाहा; पत्रा आत गेला तर तो तुकडा कापून नवा जोडून घ्यावा लागेल. शाबूत असेल तर सर्वांत खालच्या जागी ५-६ मिलिमीटरचं भोक पाडून पाण्याला वाट द्या.

आणि खुर्ची जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपची असेल तर? तिच्यावरच्या जस्ताची अल्किड, म्हणजे तेलावर आधारलेल्या, प्रायमरशी क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर होतो आणि सगळा रंग सालीसारखा निघतो. चुंबक दोन्ही पाइपांना चिकटतो, त्यामुळे त्याने ओळख पटत नाही. रंग खरवडल्यावर करडा, चंदेरी पृष्ठभाग आणि तांबड्याऐवजी पांढरी भुकटी दिसली, तर ते जस्त. त्यावर वॉश प्रायमरचा (जस्ताला धरून राहणाऱ्या खास पातळ प्रायमरचा) एक पातळ हात द्या, आणि जिथे जस्त झिजून तांबडा गंज उघडा पडलाय तेवढ्याच ठिकाणी आधी कन्व्हर्टर लावा.