दातांवर उगाच आळ

"दात येतायत ना, मग जुलाब व्हायचेच," म्हणत शेजारच्या काकू घरगुती औषध म्हणून डिकेमाली काढून देतात. सहा-सात महिन्यांच्या बाळाला पातळ शी होऊ लागली की हे निदान घरोघरी ठरलेलं. दात बिचारे फुकट बदनाम! हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, इतपत खरं; पण जुलाब लागतात ते बहुतेक वेळा जंतूंमुळे. आणि जंतूंची वाट नेमकी याच महिन्यांत मोकळी होते.

आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिपिंडं एव्हाना बरीच ओसरलेली असतात, बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून शिकाऊ. त्यात ते रांगू लागतं. हाताला लागेल ते, अगदी चप्पलसुद्धा, तोंडात. वरचं अन्नही याच सुमारास सुरू होतं.

त्या वरच्या अन्नाचंच बघा. सकाळी आठला शिजलेली पेज चुलीवरून उतरते तेव्हा तिच्यात जिवंत जंतू जवळजवळ नसतात. थोडी भरवली, उरलेली झाकून ठेवली, चमचा तसाच आत. ई. कोलायसारख्या जीवाणूला अशी ऊब आणि ओल मिळाली, की तो वीसेक मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. त्या हिशेबाने दहा जंतूंचे चार तासांत चाळीस हजार! बारा वाजता पेजेला ना वास, ना आंबटपणा. शिगेला या हगवणीच्या जीवाणूला तर एवढीही सवड लागत नाही, त्याचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी पुरे.

हे जंतू चमच्यावर येतात कुठून? बरेचदा आपल्याच हातांवरून. "तान्ह्याची शी कसली घाण" म्हणून ती धुतल्यावर हात नुसते पाण्याखाली धरले जातात, साबण राहतो बाजूला. नळाचं पाणी चांगलं असलं तरी हंड्यात गडू बुडवताना बोटंही बुडतात; जुन्या घरांतलं लांब दांड्याचं ओगराळं त्यापेक्षा कितीतरी शहाणं. बाळगुटी उगाळायची सहाण शेवटची कधी घासली होती, हेही एकदा आठवून पाहावं.

दुधाच्या बाटलीबद्दल मात्र माझं मत कडक आहे. तिच्या बुचाच्या आतल्या कडेला दुधाचा जो थर धरतो, तो धुऊनही नीट निघत नाही. आपल्याकडे 1992च्या कायद्याने या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे, ती उगाच नाही. वाटी-चमचा घासायला सोपा.

जुलाब घडवणारा रोटाव्हायरस हा विषाणू मात्र स्वच्छ, श्रीमंत देशांतल्या मुलांनाही सोडत नव्हता. तो 1973 मध्ये मेलबर्नला रुथ बिशप आणि सहकाऱ्यांना सापडला. त्याच्याविरुद्ध भर लसीवरच. रोटाव्हॅक या भारतीय लसीतला विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये मिळाला, तोही जुलाब न झालेल्या नवजात बाळांच्या शीमध्ये! सरकारी लसीकरणात ही लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पाजतात. म्हणजे बहुतेक बाळांचा पहिला दात दिसायच्या आधीच तिन्ही डोस उरकलेले असतात.