देनारियसवरचे चेहरे: रोमच्या चांदीच्या नाण्यांची पार्श्वभूमी

कार्थेजचा सेनापती हानिबल याच्याशी झुंजताना रोमचे चलन कोसळले. त्या ओढाताणीत, इ.स.पू. 211 च्या सुमारास, देनारियस आला: सुमारे साडेचार ग्रॅम चांदी, किंमत दहा ‘आस’, म्हणजे काशाची नाणी. पुढे शिरस्त्राणधारी रोमा देवी, मागे भाले रोखून दौडणारे कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव.

टांकसाळीचे काम तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात ते नाण्यांवर आपल्या घराण्याची थोरवी मिरवू लागले. मिनुसियस घराण्याने तर दुष्काळात धान्य पुरवणाऱ्या पूर्वजाचा स्मृतिस्तंभच कोरला. जिवंत माणसाचा चेहरा मात्र रोमच्या टांकसाळीने टाळला होता. इ.स.पू. 44 मध्ये सीझरने तो संकेत मोडला. त्याला मारणाऱ्या ब्रूटसच्या नाण्यावर दोन खंजीर, मधे मुक्त गुलामाची टोपी आणि खाली हत्येची तिथी आहे. पण दर्शनी बाजूला ब्रूटसचाच चेहरा! प्रजासत्ताक किती खिळखिळे झाले होते, याचा याहून बोलका पुरावा नाही.

नाणी हातानेच पाडत. खालचा ठसा ऐरणीत पक्का, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव. चकती सरकली की चित्र कडेला कापले जाई. पाडलेले नाणे वरच्या ठशातच अडकून राहिले, तर पुढच्या चकतीवर एका बाजूला उठावाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट, उलटा उमटे. तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली खोटी नाणीही फिरत. म्हणून सराफ छिन्नीने छेद देऊन आतला धातू पाहत.

सीझरचा सेनानी मार्क अँटनी याने इ.स.पू. 32-31 मध्ये सैन्याच्या पगारासाठी पाडलेल्या नाण्यांवर गलबत आणि गरुडध्वज आहेत. त्यांत चांदी कमी होती. लोकांनी चांगली नाणी साठवली आणि ही खर्चली. त्यामुळे ती दोनशे वर्षांनंतरही झिजलेल्या रूपात चलनात होती.

भारतात सर्वाधिक सापडतात ते रोमन सम्राट ऑगस्टसचे ढाल-भाल्यांसह दोन नातू दाखवणारे आणि त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियसचे बसलेल्या स्त्रीचे देनारियस, मुख्यतः कोइम्बतूर परिसरातल्या साठ्यांत. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने देनारियसचे वजन रोमन पौंडाच्या 84 व्या भागावरून 96 व्या भागावर आणले, चांदीचा कसही उतरवला. त्यानंतरचे देनारियस इथल्या साठ्यांत विरळच. त्याच शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात बदलताना नफा मिळे. त्याच बंदरात पैठणचे गोमेद आणि तेरचे कापड गाड्यांतून उतरत असे.