पाणी तापवणारा सोलर आणि वीज बनवणारा सोलर: सबसिडी नेमकी कशावर?

"सोलरवर सरकार ७८,००० रुपये देतं ना?" असं विचारणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर गच्चीवरच्या तिरक्या काचेच्या नळ्या आणि त्यांच्या डोक्यावरची आडवी टाकी असते. म्हणजे पाणी तापवायचा सोलर. सरकार पैसे देतं हे खरं, पण त्या सोलरवर नाही. ते मिळतात शेजारच्या गच्चीवर दिसणाऱ्या निळ्या-काळ्या सपाट पॅनेलवर, ज्यातून वीज निघते. दारावर येणारे एजंटही हा फरक सोयीस्करपणे गिळून टाकतात, त्यामुळे घोळ वाढतो.

आधी पैशाचं बघू. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फक्त विजेच्या पॅनेलसाठी आहे. पहिल्या २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, आणि तिथून पुढे काही नाही. म्हणून २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉटला ७८,०००. कुणी हौसेने १० किलोवॉट बसवले तरी ७८,०००च. हाउसिंग सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये मिळतात.

अटी नीट वाचाव्यात. पॅनेलमधले सेलसुद्धा (उन्हापासून वीज बनवणाऱ्या चकत्या) भारतात बनलेले हवेत. नुसतं पॅनेल इथे जोडलेलं असून भागत नाही. काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावं लागतं. सबसिडी अर्जाच्या दिवशी हातात पडत नाही: यंत्रणा बसली, तपासणी झाली, नेट मीटर (घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली अशी दोन्ही वीज मोजणारा) लागला की मग ती बँक खात्यात येते. तोपर्यंतची तजवीज आपली आपण करायची. लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच अडकायचा.

आता पाणी तापवायचा सोलर. यालाही एकेकाळी केंद्राची सबसिडी होती. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झालं, त्यात घरगुती हीटरलाही भांडवली अनुदान होतं. २०१४ मध्ये ते बंद झालं. 'आमच्या मामांना मिळाली होती' असं कुणी सांगितलं तर ते खोटं नसतं, फक्त जुनं असतं.

आज हीटरला जो आधार आहे तो रोख नाही, आडवळणाचा आहे. पुणे महापालिका सौर यंत्रणा, गांडूळ खत आणि पर्जन्य जलसंचय यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त असतील तर १० टक्के सूट देते. ही सूट मिळकतकरातल्या 'सर्वसाधारण कर' या एका भागावर असते, बिलाच्या तळाशी दिसणाऱ्या एकूण आकड्यावर नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून दोन्ही सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हा एक फायदा मात्र दोघांना सारखा. बाकी मग सक्ती: राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत सौर उष्णजल यंत्रणेची तरतूद आहे. त्याच नियमावलीत हरित इमारतीचं मानांकन मिळवणाऱ्या प्रकल्पाला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी, आहे. तो लाभ बिल्डरच्या पदरात पडतो. फ्लॅट घेणाऱ्याच्या वाट्याला फार तर 'ग्रीन' लिहिलेलं माहितीपत्रक येतं.

गंमत अशी की ज्याची सबसिडी गेली तो सोलर आपल्या कामात जास्त हुशार आहे. ऊन थेट उष्णतेत बदलायचं असल्याने चांगला हीटर अंगावर पडणाऱ्या उन्हातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग वापरतो. विजेचं पॅनेल साधारण पाचवा हिस्सा. दिवसाला १०० लिटर पाणी तापवायला सुमारे २ चौरस मीटर जागा पुरते. १ किलोवॉटच्या पॅनेलला मोकळी, सावलीविना १० चौरस मीटर हवी, आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट निघतात. हीटरला पंपही लागत नाही: तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, गार खाली येतं. टाकी डोक्यावर असते ती यासाठी.

१०० लिटरचा हीटर वर्षाला १,५०० युनिटपर्यंत वाचवतो असं सांगतात. मला हा आकडा आपल्याकडे जरा उदार वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-अकोल्यात गरम पाण्याने आंघोळ कोण करतं? भर उन्हाळ्यात, जेव्हा ऊन सर्वात जास्त, तेव्हाच हीटर बेकार बसलेला असतो, आणि जुलैत गरम पाणी हवं तेव्हा आभाळ भरलेलं. मग टाकीतली विजेवरची बॅकअप कॉइल चालू होते, म्हणजे पुन्हा लाईट बिलच. पॅनेलचं तसं नाही. उन्हाळ्यात वापरून उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते, बिलात वळती होते आणि उरलेले युनिट पुढच्या महिन्यात ओढले जातात. पहाटे चाललेल्या गिझरचा हिशेबही त्याच दुपारच्या विजेतून फिटतो.

हीटरचं आणखी एक दुखणं इमारतींमध्ये दिसतं. टाकी गच्चीवर, तुम्ही दुसऱ्या मजल्यावर. नळ उघडला की आधी पाइपातलं रात्रभर गार झालेलं पाणी येतं. बादली-दीड बादली सोडून द्यावी लागते. पाइपाला वेष्टन नसेल तर त्यानंतर येतं तेही कोमटच. बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात आणि दोन-तीन वर्षांत पाणी तापायचं कमी होतं. अशा ठिकाणी हीट एक्सचेंजरवाला हीटर (ज्यात वापरायचं पाणी नळ्यांत न जाता बाजूने तापतं) घ्यावा, महाग असला तरी.

माझं मत विचाराल तर, स्वतःचं बैठं घर, पाणी गोडं आणि माणसं पाच-सहा असतील तर हीटर सबसिडीविनाही परवडतो. बिल एसी, कूलर आणि पंपामुळे फुगत असेल तर हीटरने ते हलणार नाही. तिथे पॅनेलच हवं. दोन्ही बसवणार असाल तर हीटरची टाकी पॅनेलच्या उत्तरेला ठेवायला सांगा. दक्षिणेला ठेवली तर हिवाळ्यात तिची सावली पॅनेलवर पडते, आणि एका पॅनेलवर पडलेली सावली त्याच्याशी ओळीने जोडलेल्या बाकीच्यांचीही वीज खाली ओढते.