सत्रान्त परीक्षा आणि श्रेणीपद्धती (नाशिक)

सत्र संपताना घेतली जाणारी विद्यापीठाची लेखी परीक्षा, तिच्याआधीच्या तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा आणि या सर्वांवरून श्रेणी ठरवण्याचे नियम, यांना मिळून सत्रान्त परीक्षापद्धती म्हणतात. बोलताना मात्र कोणी ‘सत्रान्त’ म्हणत नाही. ‘एंडसेम’, ‘सेमिस्टर’ किंवा नुसते ‘पेपर’ म्हणतात. नाशिकमध्ये दोन राज्यव्यापी विद्यापीठांची मुख्यालये आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला, तर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (१९९८) म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर. तरीही कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्या मुलाचे विद्यापीठ ते नव्हे. नाशिक जिल्ह्यातली बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान आणि अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. गडचिरोलीच्या डॉक्टरची परीक्षा नाशिकमधून घेतली जाते आणि नाशिकच्या बीएस्सीवाल्याचा निकाल पुण्याहून लागतो, अशी ही गंमत आहे.

संलग्नतेचा हा धागा जुना आहे. हं. प्रा. ठा. कला महाविद्यालय १९२४ साली सुरू झाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाखाली होते. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाल्यावर नाशिक तिकडे गेले. २०१४ मध्ये त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. कला-वाणिज्य शाखांत पदवीची परीक्षा बराच काळ वार्षिक होती, म्हणजे वर्षभर निवांत आणि मार्च-एप्रिलमध्ये जागरण. २०१९-२० पासून पहिल्या वर्षापासून सत्रपद्धत आणि श्रेयांक (क्रेडिट, म्हणजे विषयाचे वजन सांगणारा आकडा) आले. जागरणे कमी झाली नाहीत, वर्षातून दोनदा होऊ लागली.

संलग्न पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा नियम बहुतेकदा लिहून सांगितला जात नाही, कारण तो सगळ्यांना गृहीतच असतो : शिकवणारा वेगळा, प्रश्नपत्रिका काढणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ज्या प्राध्यापकाने विषय शिकवला तोच पेपर काढतो, तोच तपासतो आणि सत्र संपल्यावर थोड्याच दिवसांत श्रेणी कळवतो. विद्यार्थ्याला तक्रार करायची तर त्याच्याच दारावर टकटक करावी लागते. इथे दार ठोठवायला माणूसच सापडत नाही. सिन्नरच्या मुलीचा पेपर कोणी तपासला हे तिच्या शिक्षकालाही ठाऊक नसते. उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक झाकला जातो, बारकोड चिकटतो, गठ्ठे ‘कॅप’ला म्हणजे मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात जातात आणि तिथे निरनिराळ्या महाविद्यालयांचे शिक्षक बसून तपासतात. यामागे अविश्वास आहे हे उघड आहे. पण तो अविश्वास विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे. ओळख, आडनाव, वर्गातली वागणूक यांपैकी काहीच गुणांपर्यंत पोचू नये असा त्याचा हेतू. परीक्षेचे बाकीचे बहुतेक नियम या एका गोष्टीतूनच निघतात.

परीक्षेला बसण्याआधी ‘टर्म ग्रँट’ व्हावी लागते. त्यासाठी साधारणपणे ७५ टक्के हजेरी, जर्नल किंवा फाईल पूर्ण आणि सह्या झालेली, अंतर्गत चाचण्या दिलेल्या, हे अपेक्षित असते. परीक्षा फॉर्म भरून झाला की हॉल तिकीट येते. त्यावर नाव, पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, विषय आणि केंद्र छापलेले असते. अभियांत्रिकीत या दिवसांना ‘सबमिशन’ म्हणतात आणि तो स्वतंत्र ऋतू आहे. प्रयोगांच्या लिखाणाचे तेच ते परिच्छेद रात्री दोनपर्यंत उतरवायचे, सकाळी सरांच्या केबिनबाहेर रांग लावायची, सरांनी एखादी आकृती पेन्सिलीत नाही म्हणून फाईल परत द्यायची. मग ‘ओरल’, बाहेरच्या परीक्षकासमोर. ते उरकले की ‘पीएल’ लागते, म्हणजे अभ्यासाची सुट्टी, आणि झेरॉक्सच्या दुकानांत मागच्या पाच वर्षांच्या पेपरांचे गठ्ठे विकले जाऊ लागतात.

मागचे पेपर इतके मोलाचे का, तर प्रश्नपत्रिकेचा साचा ठरलेला असतो. ‘उजवीकडील अंक पूर्ण गुण दर्शवितात’ ही सूचना मराठी माध्यमाच्या कुठल्याही पदवीधराला झोपेतही म्हणता येईल. अभियांत्रिकीच्या पेपरात प्रश्न १ किंवा २, ३ किंवा ४ असे जोडीने पर्याय असतात. आकृत्या नीटनेटक्या काढाव्यात आणि आवश्यक तिथे योग्य ती माहिती गृहीत धरावी, असे वर लिहिलेले असते. ही शेवटची सूचना जरा जास्तच उदारपणे पाळली जाते.

परीक्षेच्या खोलीतले नियम कडक पण साधे आहेत. हॉल तिकीट आणि ओळखपत्र बाकावर, मोबाईल बाहेर, पहिल्या पानावर बैठक क्रमांक आकड्यांत आणि अक्षरांत, पुरवणी घेतली की तिची नोंद, आणि उत्तरपत्रिकेत कुठेही नाव, देवाचे नाव किंवा ओळख पटेल अशी खूण नाही. ‘श्री’ लिहिण्याची सवय असलेल्यांचा हात इथे अडखळतो. शेवटची घंटा झाली की दोरा बांधायचा. चिठ्ठी सापडणे हाच गैरप्रकार. तिच्यातले काही उतरवले नाही, हा बचाव टिकत नाही. अशा प्रकरणांसाठी विद्यापीठाची समिती असते. त्या विषयाचे गुण रद्द होण्यापासून पुढच्या परीक्षांना बसण्याची बंदी येण्यापर्यंत शिक्षा जाते. याखेरीज महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा १९८२ चा कायदाही आहे. पेपर फोडणे हा त्याखाली फौजदारी गुन्हा ठरतो. भरारी पथक आले की खोलीत जी शांतता पसरते ती एरवी वाचनालयातही मिळत नाही.

गुणांची वाटणी २०१९ च्या रचनेत अशी : शंभरपैकी ३० गुण महाविद्यालयातल्या सततच्या मूल्यमापनाला, ७० विद्यापीठाच्या लेखी परीक्षेला. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांत दोन्हींत वेगवेगळे ४० टक्के लागतात. म्हणून १२ आणि २८ हे दोन आकडे विद्यार्थ्यांच्या जिभेवर असतात. अंतर्गत ३० पैकी २९ पडले आणि लेखीत २७, तर बेरीज ५६ होऊनही विषय राहिला. हे पालकांना पटवणे अवघड जाते. त्याच रचनेत अभियांत्रिकीला ३० गुणांची ‘इनसेम’ म्हणजे सत्रामधली परीक्षा आणि ७० गुणांची ‘एंडसेम’ अशी जोडी.

गुणांवरून श्रेणी काढण्याची दहा गुणांकांची मोजपट्टी विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेली आहे : ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. किती गुणांना कोणती श्रेणी हे विद्यापीठ ठरवते आणि ते ‘पॅटर्न’ बदलला की बदलू शकते. पुणे विद्यापीठात वापरल्या गेलेल्या एका कोष्टकात ८० आणि त्यापुढे ओ, ७० ते ७९ ए प्लस, ६० ते ६९ ए, ५५ ते ५९ बी प्लस, ५० ते ५४ बी, ४५ ते ४९ सी आणि ४० ते ४४ पी. समजा एखाद्या सत्रात चार-चार श्रेयांकांचे चार विषय आणि दोन-दोन श्रेयांकांची दोन प्रात्यक्षिके आहेत. विषयांत ८१, ६०, ५९ आणि ४२ पडले; प्रात्यक्षिकांत ए प्लस आणि ए. गुणांक झाले १०, ८, ७, ४ आणि ९, ८. प्रत्येकाला श्रेयांकाने गुणायचे : ४० + ३२ + २८ + १६ + १८ + १६ = १५०. एकूण श्रेयांक २०. भागाकार ७.५०, हा त्या सत्राचा एसजीपीए. सगळ्या सत्रांचा मिळून असाच काढला की सीजीपीए.

या हिशेबात एक बोच आहे. ५९ ऐवजी ६० पडले असते तर एका गुणाने सरासरी ७.७० झाली असती. पण ८१ ऐवजी ९८ पडले असते तरी काहीच हलले नसते. श्रेणीपद्धत आली ती एकेका गुणाची जीवघेणी चढाओढ संपावी म्हणून. ती संपली नाही, पट्ट्यांच्या कडांवर जाऊन बसली. शिवाय नोकरीच्या अर्जात आजही टक्केच विचारतात, त्यामुळे सीजीपीएचे पुन्हा टक्के करावे लागतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या प्रसिद्ध सूत्रात सीजीपीएमधून ०.७५ वजा करून दहाने गुणतात, म्हणजे ६.७५ चे ६० टक्के. मुंबई विद्यापीठाचे एक सूत्र वेगळेच, ७.१ ने गुणून ११ मिळवा. एकाच सीजीपीएचे दोन गावांत दोन टक्के निघतात.

नापास होणे या शब्दाला इथे बरीच पर्यायी नावे आहेत. मुंबईकडे ‘केटी’ लागते, पुण्या-नाशिककडे ‘बॅक’. दोन्हींच्या मुळाशी ‘एटीकेटी’ म्हणजे विषय राहूनही पुढच्या सत्रात बसण्याची मुभा. किती विषय किंवा श्रेयांक राहिले तर ही मुभा मिळते हे शाखेप्रमाणे बदलते. तत्त्व मात्र एक : मागचे एकच वर्ष उधार ठेवता येते, दोन नाही. अभियांत्रिकीत दुसऱ्या वर्षाच्या काही बॅक घेऊन तिसऱ्याला जाता येते, पण तोवर पहिले वर्ष पूर्ण सुटलेले हवे. नसेल तर ‘वायडी’, म्हणजे वर्ष गेले. वायडी गेलेला मुलगा निफाडला घरी जातो तेव्हा द्राक्षबागेची छाटणी अचानक त्याच्यावाचून अडू लागते. काठावर अडकलेल्यांना तारण्यासाठी कृपागुणांची तरतूद आहे. खेळाडू आणि राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना यांतल्या विद्यार्थ्यांना वेगळे गुण मिळतात.

निकाल परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा आणि काही झाले तरी ४५ दिवसांच्या आत लावावा, असे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ सांगतो. निकाल पटला नाही तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. मुदत थोडी आणि शुल्क विषयागणिक असते. ही कामे ऑनलाइन होण्याआधी त्यासाठी दोनशे किलोमीटरवरच्या पुण्याची एसटी धरावी लागे.

कोरोनाच्या वर्षी या व्यवस्थेची कसोटी लागली. राज्याने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले होते. अनुदान आयोग अडून बसला. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेवाचून पदवी नाही असा निर्णय दिला आणि ऑक्टोबरात मुलांनी घरी बसून बहुपर्यायी पेपर दिले. गावात रेंज नाही म्हणून गच्चीवर किंवा शेताच्या बांधावर बसून पेपर दिल्याच्या आठवणी त्या बॅचकडे आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक) असे विषयांचे कप्पे पडले. तीन वर्षांत १२० ते १३२ आणि चार वर्षांत १६० ते १७६ श्रेयांक जमवायचे आणि ते श्रेयांक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याच्या नावच्या ऑनलाइन खात्यात, नोंदवायचे. दुसरीकडे शहरातली काही महाविद्यालये स्वायत्त झाली आहेत. तिथे पेपर महाविद्यालयच काढते, तपासते, निकालही लावते. पदवीवर मात्र विद्यापीठाचेच नाव असते. अनोळखी परीक्षकाचे राज्य तिथे संपत आले आहे. निकाल लवकर लागतात, हा लाभ ठळक आहे. गुण सढळ पडतात, ही कुजबुजही आहे.

नाशिकच्या दोन मुख्यालयांचे नियम याहून निराळे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असलेल्या मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी कारखान्यात पाळी करणारा किंवा घर सांभाळणारा असतो. त्याला रोजच्या हजेरीची अट लावून चालत नाही. तो अभ्यासकेंद्रातून गृहपाठ देतो आणि परीक्षेपुरता बाकावर येतो. आरोग्य विद्यापीठात उलट टोक : उत्तीर्ण होण्याची रेघ ५० टक्क्यांवर, एमबीबीएसला लेखी विषयांत ७५ आणि प्रात्यक्षिकांत ८० टक्के हजेरी, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत सत्रांऐवजी ‘उन्हाळी’ व ‘हिवाळी’ परीक्षा.