एकाच नावाचे दोन रागू : बोलोन्याचा आणि नेपल्सचा

इटलीत कुणी ‘रविवारी आमच्याकडे रागू आहे’ (म्हणजे पास्त्याबरोबरचा मांसाचा सॉस) म्हणालं, तर आधी गाव विचारावं. नाव एकच, फ्रेंचमधून आलेलं. मांस, वाइन, टोमॅटो आणि मंद आच दोन्हीकडे आहे. त्यामुळे घरी पहिल्यांदा करणारा हमखास दोन्ही कृतींची खिचडी करतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बोलोन्याचा रागू खिम्याच्या घराण्यातला, नेपल्सचा रश्श्याच्या.

बोलोन्याचा आधी उरकतो, कारण तो कागदावर आहे. १७ ऑक्टोबर १९८२ रोजी इटालियन पाककला अकादमीने त्याची कृती बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली. २०२३ मध्ये ती सुधारली. जुन्या नोंदीत ३०० ग्रॅम गोमांसाचा जाडसर खिमा, १५० ग्रॅम पॅन्चेत्ता (म्हणजे डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस), बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी आणि टोमॅटोची प्युरी फक्त ५ चमचे! वर पेलाभर दूध. रंग लालभडक नाही, विटकरी-तपकिरी येतो. दोन-तीन तासांत काम होतं, म्हणजे दुपारच्या जेवणासाठी सकाळी दहाला सुरुवात केली तरी चालतं. हा घालायचा तो ताल्यातेल्लेवर, म्हणजे अंड्याच्या पास्त्याच्या चपट्या पट्टीवर. तिची शिजल्यावरची रुंदी ८ मिलिमीटर हवी, हेही १९७२ मध्ये नोंदवून ठेवलंय, सोन्याच्या नमुन्यासकट. हौसेला मोल नसतं! पण स्पॅगेटी नको म्हणतात त्यात तथ्य आहे. गुळगुळीत स्पॅगेटीवरून खिमा घसरतो आणि ताटलीच्या तळाशी जाऊन बसतो.

नेपल्सला खिमा नाहीच. डुकराच्या बरगड्या, गोमांसाचे मोठे तुकडे आणि ‘ब्राचोले’, म्हणजे मांसाच्या पातळ कापात लसूण, पार्सली, पेकोरिनो चीज, बेदाणे, चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे भरून दोऱ्याने बांधलेल्या गुंडाळ्या. हे सगळं कांद्यावर खरपूस परतायचं, तांबडी वाइन थोडी थोडी घालत जिरवायची आणि मग टोमॅटो, तोही भरपूर. गाजर-सेलरीची गरज नाही, दुधाचं तर नावही काढू नका. सहा-सात तास सहज लागतात, म्हणून पातेलं शनिवारी रात्रीच चढतं. आचेसाठी तिथे खास क्रियापद आहे, ‘पिप्पियारे’. उकळी नाही, पिठलं शिजताना मधूनच ‘फद्’ करून एखादा बुडबुडा फुटतो ना, तेवढंच. झाकण लाकडी चमच्यावर टेकवून किंचित उघडं ठेवतात.

खरा फरक मात्र वाढताना कळतो. बोलोन्यात मांस सॉसमध्येच विरघळून जातं, पास्त्याबरोबर एका ताटलीत संपतं. नेपल्सला मांस आपला सगळा अर्क रश्श्याला देऊन बाहेर येतं. आधी तो रस्सा झिती नावाच्या लांब, पोकळ, हाताने मोडलेल्या पास्त्यावर. मागाहून दुसरा पदार्थ म्हणून मांस वेगळं. एका पातेल्यात सबंध घराचं जेवण. दहा माणसं जेवायला यायची असतील तर मी डोळे मिटून नेपल्सचा करेन.

आपल्याकडे गोमांसाचं काय, तर बोलोन्याच्या रागूत मटणाचा खिमा बरा लागतो. बोलोन्याची माणसं त्याला रागू म्हणणार नाहीत, पण ती जेवायला येणार नाहीयेत. नेपल्सच्या रागूत नुसत्या डुकराच्या बरगड्याही चालतात. गोव्यात किंवा वसईत त्या सहज मिळतात. कुकर मात्र काढू नका. शिट्ट्यांनी मांस शिजेल, रस्सा पाणचटच राहील, कारण तो झाकणाच्या फटीतूनच हळूहळू आटत असतो.