संसदेकडे विनंती अर्ज कसा करायचा: पात्रता, मजकूर आणि कागदपत्रं

कोर्टात याचिका करतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण देशाच्या संसदेलाही साधा माणूस लेखी अर्ज करू शकतो, त्या अर्जाची सभागृहात नोंद होते आणि तो खासदारांच्या एका समितीपुढे जातो, हे चांगल्या शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. 'याचिका' म्हटलं की आपल्याला वकील आठवतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळात यासाठी 'विनंती अर्ज' असा नेमका शब्द आहे, म्हणून इथेही तोच वापरतो.

ही वाट नवी नाही. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात अशा अर्जांसाठी १९२४ मध्येच समिती नेमली गेली होती. आज संविधानाच्या अनुच्छेद ११८ नुसार लोकसभा आणि राज्यसभा आपापल्या कामकाजाचे नियम करतात आणि विनंती अर्जाची पद्धत त्या नियमांत दिलेली आहे.

अर्ज कोणी करायचा? कोणाही नागरिकाने, एकट्याने किंवा मिळून. गावकरी करू शकतात, नगरपालिका करू शकते, संघटना करू शकते. शुल्क नाही, वकील लागत नाही, शिक्षणाची किंवा उत्पन्नाची अट नाही. सही येत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो.

माणसाची पात्रता इतकी सोपी आहे. खरी परीक्षा विषयाची असते आणि बहुतेक अर्ज तिथेच अडकतात.

तीन प्रकारच्या विषयांवर अर्ज करता येतो: सभागृहात मांडलेलं किंवा त्याआधी राजपत्रात प्रसिद्ध झालेलं विधेयक, सभागृहापुढे प्रलंबित असलेलं कामकाज, आणि सार्वजनिक हिताचा कोणताही प्रश्न. तिसरा प्रकार ऐकायला अघळपघळ वाटतो, पण त्याला कुंपण आहे. जो प्रश्न न्यायालय, न्यायाधिकरण, चौकशी आयोग यांच्या कक्षेत येतो तो चालत नाही. ज्यावर कायद्याने दुसरीकडे दाद मागता येते तो चालत नाही. सभागृहात स्वतंत्र प्रस्ताव किंवा ठराव आणून जो मांडता येईल तोही चालत नाही. आणि जो विषय एरवी राज्याच्या विधिमंडळात मांडायला हवा, तो तर नाहीच.

या शेवटच्या अटीसाठी संविधानाची सातवी अनुसूची उघडावी लागते. संसदेला कशावर कायदा करता येतो आणि कशावर नाही, हे तिथल्या तीन याद्यांतून कळतं. रेल्वे, टपाल, बँका, विमा, संरक्षण, राष्ट्रीय महामार्ग, मोठी बंदरं हे संघसूचीतले, म्हणजे संसदेचे विषय. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, ग्रामपंचायत आणि नगरपालिका राज्यसूचीत. शिक्षण आणि वनं पूर्वी राज्यांकडे होती, ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत आली, त्यामुळे त्यांवर संसदही कायदा करू शकते. कोकण रेल्वेच्या मार्गावर गाडीला थांबा हवा, हा विषय दिल्लीचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, हा मुंबईचा किंवा पणजीचा. दुसऱ्या प्रकारचा अर्ज कितीही कळवळून लिहिला तरी संसदेत टिकणार नाही, तो आपल्या विधिमंडळाच्या समितीकडेच न्यायला हवा.

कधीकधी विषय पूर्णपणे संसदेचा असतो, तरीही दार बंद असतं. बेळगावचं उदाहरण घ्या. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ ने फक्त संसदेला दिला आहे. पण महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि विषय न्यायप्रविष्ट झाला. गोवा आणि कर्नाटकातल्या म्हादई नदीच्या पाण्याचंही तसंच, तो तंटा न्यायाधिकरणापुढे गेलेला आहे. सीमाभागातल्या मराठी माणसाची घालमेल मला समजते, पण याच मुद्द्यावर अर्ज केला तर तो या अटीत अडकणार, हे आधीच सांगितलेलं बरं.

विषय बसला की पुढचा प्रश्न: मागायचं काय? माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. नियमच सांगतो की अर्जाच्या शेवटी निश्चित मागणी हवी. संसद कोणाची बदली करत नाही, कोणाला दाखला देत नाही. ती कायदा करते किंवा बदलते, सरकारच्या खर्चाला मंजुरी देते आणि मंत्र्यांना जाब विचारते. आपली मागणी यांपैकी एका कामात बसली पाहिजे. 'आमच्यावर अन्याय झाला, न्याय द्यावा' असं लिहून समितीच्या हाती काही लागत नाही. 'अमुक विधेयकाच्या अमुक कलमात आमच्यासारख्यांसाठी विशेष तरतूद करावी' असं लिहिलं की तिला विचार करायला काहीतरी मिळतं.

मजकुराचा नमुना लोकसभेच्या नियमांच्या परिशिष्टात आहे. मराठीत त्याचा सांगाडा असा होईल:

'प्रति, लोकसभा. (अर्जदाराचं नाव व ओळख, अनेक असल्यास 'अमुक व इतर' किंवा 'अमुक गावचे रहिवासी') यांचा नम्र विनंती अर्ज की, (थोडक्यात हकिकत). म्हणून अर्जदारांची प्रार्थना आहे की, (नेमकी मागणी).'

खाली प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता, सही किंवा अंगठा. मोहिमेत शेकडो सह्या गोळा करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. ज्या कागदावर अर्ज लिहिला आहे त्याच कागदावर निदान एका अर्जदाराची सही हवी. सह्यांचे आणखी कागद जोडले तर प्रत्येकाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहिलेली हवी. नुसत्या सह्यांचे कोरे तक्ते जोडणं ही नेहमीची चूक.

भाषा सभ्य आणि संयत हवी. अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत चालतो. मराठीत लिहिला तर सोबत या दोहोंपैकी एका भाषेतला अनुवाद द्यावा लागतो आणि त्यावर अर्जदाराची सही लागते. मला हे खटकतं. अनुच्छेद ३५० नुसार केंद्राच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे आपण आपल्या भाषेत गाऱ्हाणं मांडू शकतो, मग संसदेपुढेच अनुवादाचा भार नागरिकावर का? तरीही मूळ अर्ज मराठीतच लिहा असं मी सांगेन. मनातलं आधी नीट कागदावर उतरतं, अनुवाद मग कोणाकडूनही करून घेता येतो.

आता कागदपत्रं. आपल्याला सवय असते अर्जामागे झेरॉक्सची चळत लावायची. इथे नेमकं उलट आहे: अर्जासोबत कोणतंही पत्र, प्रतिज्ञापत्र किंवा इतर कागद जोडायचा नाही, असा नियमच आहे. आकडे, तारखा, शासन निर्णयांचे क्रमांक, जे सांगायचं ते अर्जाच्या अंगात आलं पाहिजे. पुरावे मात्र घरी नीट लावून ठेवा, कारण समिती साक्षीला बोलावू शकते.

अर्ज पोहोचवण्याच्या वाटा दोन. एक, खासदारामार्फत. तो प्रतिस्वाक्षरी करतो आणि सभागृहात एका वाक्यात अर्ज सादर करतो, त्यावर चर्चा होत नाही. खासदाराला स्वतःचा अर्ज स्वतः मांडता येत नाही. दुसरी, थेट सभागृहाच्या महासचिवांकडे टपालाने. मग महासचिव सभागृहाला तसं कळवतात. लोकसभेत अध्यक्षांची संमती लागते.

लोकसभा की राज्यसभा, हेही विचारपूर्वक ठरवा. विषय धन विधेयकाचा, म्हणजे कर आणि सरकारी पैशाबद्दलच्या विधेयकाचा, असेल तर लोकसभाच, कारण राज्यसभा त्यावर १४ दिवसांत फक्त शिफारशी करू शकते. उलट लोकसभेची मुदत संपत आली असेल तर राज्यसभा बरी. लोकसभा विसर्जित झाली की तिच्या समितीपुढचे अर्जही व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात, राज्यसभा कधीच विसर्जित होत नाही.

पुढे अर्ज समितीकडे जातो. लोकसभेच्या समितीत १५ सदस्य असतात, राज्यसभेच्या १०. लोकसभेच्या समितीत मंत्री नसतात. समिती मंत्रालयाचं म्हणणं मागवते, साक्षी घेते आणि सभागृहाला अहवाल देते. या अहवालात किती बळ असतं ते 'समान श्रेणी, समान निवृत्तिवेतन' (वन रँक, वन पेन्शन) या मागणीत दिसलं. माजी सैनिकांसाठीचा तो अर्ज राज्यसभेच्या समितीपुढे आला. पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले भगतसिंह कोश्यारी तेव्हा समितीचे अध्यक्ष होते. डिसेंबर २०११ मध्ये समितीने मागणी मान्य करण्याची शिफारस केली. सरकारी आदेश निघायला ७ नोव्हेंबर २०१५ उजाडला, लाभ १ जुलै २०१४ पासून धरला गेला. मात्र मार्च २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की समितीचा अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे. शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हे मनात ठेवूनच अर्ज करावा.

नियमांच्या चौकटीत न बसणारं साधं निवेदनही लोकसभेची समिती विचारात घेते. निनावी किंवा पत्ता नसलेली पत्रं मात्र दप्तरी जमा होतात. तीच गत 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' लिहून पाठवलेल्या प्रतींची. अर्ज मंत्र्याला आणि प्रत लोकसभेला, असं केलं तर त्या प्रतीवर दाद मागणारी स्वतंत्र विनंती स्पष्ट लिहा, नाहीतर ती उघडून बाजूला ठेवली जाईल.